दोन खुंट्या

माझी धाकटी जाऊ तिच्या स्लॅबवर उभी राहून, फोन डोक्याच्या वर धरून ओरडत होती, "हॅलो! हॅलो! अवो, कोनी आयकून राहिलं का?" खाली तिच्या अंगणात माझा दीर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला पाठ टेकून बसला होता. त्याला घोणस चावली होती. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडत चालली होती आणि सूज मनगट ओलांडून वर चढत होती. मी माझ्या ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होते. दोन अंगणांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत, तेवढीच.

फोन का लागत नाही हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या माजघरात पुढच्या खुंटीवर एक पांढरी तबकडी लटकत होती. ती काढून मागच्या खोलीतल्या खुंटीवर अडकवली असती तर जाऊचा फोन लागला असता. दोन खुंट्यांमध्ये पंधरा पावलं होती.

मी उठले नाही. सुपातले तांदूळ पुरे केले, खडे वेचले आणि दुसरं सूप भरून घेतलं.

हे मी माफी मागायला लिहीत नाही. ज्याला वाचायचं त्याने वाचावं. पण मी का बसून राहिले ते कळायचं असेल तर आधीचं सांगावं लागेल.

आमची दोन घरं गावाच्या अगदी शेवटी, बोडीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहेत. बोडी म्हणजे लहान तलाव. दोन्ही घरांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, तिचंच पाणी. बाप एक, भाऊ दोन, म्हणून मध्ये भिंत. माझा नवरा मोबाइल येण्याआधीच वारला. दीर त्याच्याहून पुष्कळ लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता, त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याला जेवायला मीच वाढायची. माझा मुलगा नागपूरला कामाला आहे. मुलगी दिली ती बपेऱ्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात. जाऊचा एकच मुलगा, तो दूर हैदराबादकडे. मी चौथीपर्यंत शिकले. जाऊ दहावी पास. हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की माझ्या चौथीपेक्षा तिची दहावीच मला जास्त पाठ आहे.

गावात मोबाइल आले तेव्हा आमच्या टोकाला रेंज नव्हती. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, पण टॉवर कोणत्याही बाजूने आमच्याकडे सरकला नाही. घरात फोन म्हणजे घड्याळ. कधी कधी तो पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडायचा आणि मध्य प्रदेशात तुमचं स्वागत आहे असा मेसेज यायचा. मी ओसरीवर बसून मध्य प्रदेशात जायची, पण तिथे राहणाऱ्या माझ्या मुलीशी बोलणं व्हायचं नाही.

रेंज यायची ती फक्त जाऊच्या स्लॅबवर. माझं घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, तिच्या घरावर स्लॅब, वर जायला अंगणातून जिना. मी तो जिना चढून बोलायची. जाऊ खाली शेंगा सोलत बसायची आणि सगळं ऐकायची. मी खाली उतरले की म्हणायची, "का बाई, जावयाच्या मायची कंबर दुखते म्हनते? मंग एवढ्या मोठ्यानं कायले इचारलं? बोडीतल्या मासोळ्याईले बी कयलं." मी म्हणायची, "मासोळ्या कोनाले सांगत नाईत." तोपर्यंत आमचं असंच चाललं होतं. टोचायचं, पण चालायचं.

मग एका वर्षी पावसाने ओढ दिली. पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं, पिवळी पडायला लागली. बोडीत पाणी थोडं. दोन दिवस माझी पाळी, दोन दिवस त्यांची, असं ठरलं होतं. माझ्या पाळीचे दोन दिवस झाले आणि मी तिसऱ्या दिवशीही पाणी माझ्याच बांधीत ठेवलं. माझा अर्धा वाफा सुकून चालला होता. माझं चुकलं. त्यांचे पऱ्हे करपले आणि त्यांना दुसऱ्यांचे मागून आणावे लागले. जाऊ भिंतीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "पायतो मी तुमाले. याद ठेवजा." त्या दिवसापासून दोन घरांचा अबोला.

आमच्याकडे अबोल्याला रीत असते. एकमेकींच्या घरचं पाणी प्यायचं नाही. उंबरठा ओलांडायचा नाही. सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, नाहीतर म्हशीला. "म्हशी, तुया मालकिनीले म्हना, तिचं वासरू आमच्या वांग्यात शिरलं." पण मयत, बाळंतपण आणि जिवावरचं दुखणं यांचा निरोप अडवायचा नाही. अबोला वीस वर्षांचा असला तरी नाही. त्यांच्या अंगणाच्या कडेला उभं राहायचं, तोंड फिरवायचं, निरोप सांगायचा आणि निघून यायचं. माझ्या सासूने अशा घरी निरोप पोचवला होता जिथल्या माणसाने तिच्या भावाचं डोकं फोडलं होतं. तोंड फिरवून, पण पोचवला.

अबोला झाल्यावर स्लॅबचा जिना मला बंद झाला. मी बोलायला गावातल्या शाळेजवळ जायची, आठवड्यातून एकदा. मुलीला पहिल्यांदा दिवस गेले होते. तिला मी सांगितलं होतं, काही अडलं तर काकूच्या फोनवर सांग. अबोला असला तरी निरोप येईल. मी तसं बजावून सांगितलं होतं. मी त्या रीतीच्या भरवशावर होते.

सातव्या महिन्यात मुलीला त्रास सुरू झाला. तिला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. तिने जाऊच्या फोनवर सांगितलं, "काकू, मायले धाडजो, मले लय भेव लागून राहिलं." जाऊ म्हणाली, "सांगतो." दुसऱ्या दिवशी मुलीच्या सासूने पुन्हा फोन केला. जाऊ म्हणाली, "सांगतलं. येते म्हने."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी त्या दोन दिवसांत निंदण केलं, म्हशीला धुतलं, संध्याकाळी भिंतीजवळून जाताना जाऊच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा. तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, रोजचंच.

चौथ्या दिवशी जावई स्वतः आला. बाळ मेलेलंच जन्मलं होतं आणि पुरूनही झालं होतं. मुलगा होता. मी पोचले तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती मला पहिलं वाक्य बोलली ते असं, "माय, दोनदा सांगून बी तू आली नाईस." मी तिला सांगितलं की मला निरोप आलाच नाही. तिने विश्वास ठेवला, पण लगेच नाही. त्या मधल्या वेळासाठी मी जाऊला कधी सोडणार नव्हते.

मी गेले असते तर बाळ जगलं असतं का? डॉक्टर म्हणाला, नाही. पण मी तिथे असते.

गावी परत आले तेव्हा जाऊ घरात शिरली आणि आतून कडी लावली. दीर एकटा माझ्या अंगणात आला. त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं, मग कळलं असावं. तो माझ्या जात्यापाशी खाली मान घालून बसला आणि उठून गेला.  माझं भांडण त्याच्याशी नव्हतं.

मुलगा नागपूरहून आला तेव्हा त्याने एक डबा आणला. त्याला बूस्टर म्हणतात. तो म्हणाला, "माय, आता तुले कोनाच्या स्लॅबवर जायाची गरज नाई." तुमसरहून टीव्हीच्या छत्र्या लावणारा एक माणूस आला. त्याने कवेलूंच्या वर लोखंडी पाइप उभा केला आणि त्याला माशाच्या काट्यासारखा अँटेना बांधला. तिथून काळी वायर आत, वायर डब्यात, डब्यातून दुसरी वायर निघून एका पांढऱ्या तबकडीला. तबकडी खोबऱ्याच्या वाटीएवढी.

त्याने ती आधी माजघरात, पुढच्या खुंटीवर, बरोबर पाइपाच्या खाली अडकवली. डब्यावरचे हिरवे दिवे लाल झाले. तो "अरे बापरे" म्हणाला आणि तबकडी काढून मागच्या खोलीतल्या खुंटीवर नेली, धानाच्या पोत्यांच्या आड. दिवे हिरवे झाले. मी विचारलं, असं का? तो माणूस समजावून सांगणारा होता. म्हणाला, "आजी, वरचा काटा टॉवरचं आयकते. डबा ते मोठ्यानं करते. तबकडी ते घरात सांगते. पन तबकडी काट्याच्या जवळ आली का काटा तबकडीचंच आयकते, डबा तेच अजून मोठ्यानं करते. मंडईच्या नाटकात भोंग्यासमोर माइक धरला का कसा कुईं वाजते? तसं. स्लॅब असता तर मधात अडवलं असतं. कवेलू काई अडवत नाईत."

"मंग काय होते?"

"मंग बाजूच्याचे फोन मरतात. तुमचा बी मरते. काड्या पुऱ्या दिसतात, पन लागत नाई. म्हनून याले हात लावू नका. आन् कोनाले सांगू बी नका, कंपनीवाले बिनापरवानगीचा डबा दिसला का उचलून नेतात."

डबा लागला आणि मी घरात बसून मुलीशी बोलायला लागले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माय, आवाज किती साफ येऊन राहिला." मला ते आवडलं. पण सांगायचं ते वेगळंच आहे.

दिवाळीआधी मी मागची खोली छुईमातीने, म्हणजे पांढऱ्या मातीने, पोतारायला काढली. पोती हलवली आणि तबकडी ओली होऊ नये म्हणून माजघरातल्या पुढच्या खुंटीवर टांगली. त्या माणसाचं बोलणं विसरले होते. खरंच विसरले होते. भिंत पोतारत असताना स्लॅबवरून जाऊचा आवाज आला. तिच्या मुलाचा फोन होता. "हा रे बाबू, पंधरा दिवसांनी, हा, मंग… हॅलो? हॅलो? बाबू? हॅलो!"

मी हातातला पोतारा बादलीत सोडला आणि माजघरात आले. डब्यावर लाल दिवे. तबकडी उचलली, मागच्या खोलीत नेली. थोड्या वेळाने वरून, "हा बाबू, कटला होता, बोल." मी तबकडी पुन्हा पुढे आणली. "हॅलो? हॅलो!"

मी तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच झालं.

तिने माझा निरोप गिळला होता. आता तिच्या मुलाचा आवाज माझ्या खुंटीवर होता. मी त्या दिवशी करंज्या तळल्या, त्या चांगल्या झाल्या.

त्यानंतर मी ते रोज केलं नाही. रोज केलं असतं तर तिला वाटलं असतं, रेंजच गेली. मी नेम धरून करायची. तिचा मुलगा रविवारी दहाच्या सुमारास फोन करायचा. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला की मी उठायची. आधी दोन-चार वाक्यं होऊ द्यायची. तब्येत, जेवण, पाणी. मग तो काही कामाचं बोलायला लागला, लग्नाचं, घरी येण्याचं, की तबकडी पुढच्या खुंटीवर. ती "हॅलो, हॅलो" करत स्लॅबच्या चारही कोपऱ्यांत फिरायची. मी ओसरीवर बसून तिच्या पायांचा आवाज ऐकायची. त्या वेळी माझाही फोन बंद असायचा. चालायचं मला. मी त्या आवाजासाठी बसलेली असायची.

तिने सिम बदललं. मग फोन बदलला. मग तिला वाटलं कोणीतरी करणी केली आहे. एक दिवस पाहते तर स्लॅबच्या कठड्याला काळ्या दोऱ्यात लिंबू आणि सात मिरच्या बांधलेल्या. फोनवर बोलायच्या आधी ती फोनवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकायला लागली. दहावी पास. मी म्हशीला चारा टाकताना म्हशीला म्हटलं, "म्हशी, लिंबू लावून रेंज येत असती तं कंपनीवाल्यायनं टॉवर कायले उभारले असते? लिंबाची झाडं लावली असती." भिंतीपलीकडून तिने तिच्या कुत्र्याला सांगितलं, "मोत्या, चौथी पास लोकाईनं मोठ्या गोष्टी बोलू नाई." मी आत जाऊन हसले. बरेच दिवसांनी हसले होते.

मुलीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने थांबवलं असतं.

घोणस चावली त्या रविवारी आमची कापणी होऊन धान चुरून, म्हणजे मळून, झाला होता. अंगणात तणसाचा ढीग होता. गाव सगळं शेतात. दहाला जाऊच्या चपला जिन्यावर वाजल्या. तिच्या बोलण्यावरून कळलं, मुलगा विचारत होता, बाबांना घेऊन हैदराबादला येतेस का, दोन महिने राहा. ती "येतो ना बाबू, येतो" म्हणाली आणि मी तबकडी पुढच्या खुंटीवर अडकवून ओसरीवर येऊन बसले. सूप हातात घेतलं.

मग दीर ओरडला. म्हशीला टाकायला ढिगातून तणस ओढताना त्याच्या हाताला काहीतरी लागलं होतं. साप आम्ही तिघांनी पाहिला. जाडसर, अंगावर साखळीसारखे ठिपके. सळसळत पाळीकडे गेला.

जाऊ धावत खाली आली, पाहिलं, फडक्याने दंड बांधायला लागली, सोडून दिलं, पुन्हा वर धावली. गावात जायचं तर त्याला एकटा टाकून जावं लागलं असतं, आणि गावात तरी गाडी कोणाकडे होती? सरकारी गाडी बोलवायला फोनच हवा होता. "हॅलो! हॅलो!" चारही कोपरे. लिंबू कठड्याला हलत होतं.

इथपर्यंत मी आधी सांगितलं आहे. मी बसून होते. मनात काय होतं तेही सांगते. मनात होतं, आता तुला कळू दे. तुझं माणूस पडलं आहे आणि तुझा निरोप कोणाकडेच पोचत नाही, हे कसं असतं ते. दीर माझ्याकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता, एखाद्या दुसऱ्याचा हात असल्यासारखं. मी दुसरं सूप अर्धं केलं.

मग जाऊ खाली आली. तिने फोन पदराच्या गाठीत खोचला. भिंतीपर्यंत चालत आली, भिंतीला वळसा घालून फाटकातून माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. तोंड फिरवलं. बोडीकडे पाहत, मोठ्याने, एकेक शब्द सोडून म्हणाली, "या घरच्या मानसाले जनावर चावलं. जीवाचा निरोप हाये."

रीतीप्रमाणे सांगितलं. उंबरठ्याला हात लावला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. सांगून ती निघून मात्र गेली नाही. तिथेच उभी राहिली.

निरोप आता माझ्याकडे आला होता. हाच निरोप ती दोन दिवस पोटात ठेवून बसली होती. मलाही ठेवता आला असता. मला म्हातारीला ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर कोणी मला विचारलं नसतं.

मी उठले. का उठले? दया आली म्हणून उठले असं मी लिहिणार नाही, तिच्याबद्दल मला दया आली नव्हती. दीर गेला असता तर ती माझ्यासारखी एकटी झाली असती, आणि मग तिच्याशी भांडायला मला तोंड राहिलं नसतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. आणि ती रीतीने उभी होती. तिने रीत मोडली म्हणून मी तिचा जन्मभर राग केला असता. ती रीत आता माझ्या अंगणात उभी होती, पाठ करून.

मी माजघरात गेले. तबकडी काढली. पंधरा पावलं चालले आणि मागच्या खुंटीवर अडकवली. मागे वळले तर जाऊ माजघरात उभी. उंबरठा ओलांडून आली होती. तिने माझा हात वर असलेला पाहिला. डब्यावरचे दिवे लालचे हिरवे झाले ते पाहिलं. आणि तिच्या पदराच्या गाठीत फोन वाजला. तिचा मुलगा मघापासून लावत होता.

तिने फोनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तोंडाकडे मंग पायजो," मी म्हटलं. "आधी गाडी बोलाव."

तिने दोनदा चुकीचे आकडे दाबले. मीच माझ्या फोनवरून लावलं. मीच गावाचं नाव, बोडीची खूण, वडाकडून आत या, सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी उभी राहून नुसती मान हलवत होती. गाडी आली. आम्ही दोघींनी त्याला उचलून आत घातलं, डोक्याकडून मी धरलं होतं. तो म्हणाला, "वैनी, रेंज एकदम कशी आली वो?"

"आली," मी म्हटलं.

आधी तुमसरला नेलं, तिथून भंडाऱ्याला. मी गेले नाही. त्यांच्या म्हशीची धार काढली, तणसाचा ढीग काठीने उचकून पाहिला, दूध त्यांच्याच भांड्यात ठेवलं. रोज फोनवर जाऊ सांगायची, आज लघवीत रक्त आलं, आज डॉक्टर म्हणते सुधारून राहिला. "बाई" म्हणून सुरुवात करायची नाही, नुसतं सांगायची. मी "हं" म्हणायची. फोन नीट लागत होता.

त्याला घरी आणलं तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्याच आठवड्यात जाऊ भिंतीशी आली. यावेळी तिने तोंड फिरवलं नाही.

"डॉक्टर म्हने, अर्धा तास आधी आनला असता तं बोटं वाचली असती."

मी हातातला चारा म्हशीपुढे टाकला.

"बाई, तबकडी कवापासून?"

"दिवाईपासून."

"मुद्दाम?"

"पयल्या दिवशी भुलून. मंग मुद्दाम."

ती भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली. मी विचारलं, "आन् तुवा निरोप?"

"मुद्दाम," ती म्हणाली. "पऱ्ह्यांचा राग होता. वाटलं, एक दिवस तडफडू दे, उद्या सांगतो. उद्या फोन आला तं म्हनून बसलो, सांगतलं. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

"होतं ना तोंड. कुत्र्याशी बोलाले होतंच."

"आन् तुमाले म्हशीशी," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो नाही. मी तिला माफ केलं नाही, आणि तिने मला केलं असंही वाटत नाही. ती गावात माझ्या डब्याबद्दल बोलली नाही. मी तिच्या निरोपाबद्दल बोलले नाही. दिराला तबकडीचं कोणी काही सांगितलं नाही. तो डाव्या हाताने जेवायला शिकला आणि मला सणासुदीला त्याच्यापुढे ताट ठेवताना ते पाहावं लागतं. ते मी पाहते. तोंड फिरवत नाही.

माजघरातली पुढची खुंटी मी त्याच महिन्यात उपटली आणि चुलीत घातली. भोक राहिलं ते छुईने बुजवलं. पुढे शाळेमागे टॉवर झाला आणि डब्याची गरजच राहिली नाही. मुलाने पाइप काढून नेला. जाऊच्या कठड्याला काळा दोरा अजून आहे.

दीर जगला. माझ्या मुलीचं बाळ जगलं नाही.